गेंग घराण्याची खुरपणी

स्वर्गाची आज्ञा एकदाच उतरते, आणि ज्या पुण्यवान पुरुषावर ती उतरते त्याचा वंश दहा हजार वर्षं राज्य करतो.

माझ्या नोकरीत ती चार वेळा उतरली.

मी टेंगचौच्या दरबारात विधी खात्यात होतो, आणि प्रत्येक नव्या राजासाठी पायऱ्यांवर जाजम अंथरायचं काम आमच्याच खात्याकडे असे. जाजम तेच. एका वंशाची दहा हजार वर्षं जेमतेम एका माणसाच्या म्हातारपणापर्यंत पुरली, एकाची भाताच्या कापणीपर्यंत. त्यामुळे वंश बुडाला म्हणून खात्यात कुणी रडत बसत नसे. निशाणांचा रंग बदलायचा, शिक्के नवे कोरायचे आणि जुन्या राजाच्या स्तुतीतलं नाव तेवढं खरवडून काढायचं. बाकीची स्तुती नव्याला बरोबर बसायची. राजे अंगानं निरनिराळे असतात, गुणांनी सगळे एका मापाचे.

चौथ्या खेपेची गोष्ट मात्र वेगळी आहे. चहाच्या दुकानांतून ती सांगतात तेव्हा तिच्यात एक सोनेरी ड्रॅगन नदीतून वर येतो आणि सेनापती गेंग यांना वेढे घालून पुन्हा पाण्यात जातो. तो ड्रॅगन मी लिहिला. सरकारी इतिहासात असं काहीतरी असावं लागतं. प्रत्यक्षात काय झालं ते आता सांगायला हरकत नाही. मी निवृत्त आहे, आणि ड्रॅगन तक्रार करायला येणार नाही.

त्या वर्षी सेनापती गेंग शौयी उत्तरेची मोहीम अर्धी टाकून परतले आणि त्यांनी राजवाड्याला वेढा दिला. वेढा म्हणजे तरी काय, आमच्या महाराज दू यांनी दारं आतूनच उघडून दिली. साठी उलटलेला गृहस्थ, जीव सगळा एका गाणाऱ्या पक्ष्यात. पक्षी पिंजऱ्यासकट आपल्याकडेच राहील एवढं वचन त्यांनी मागून घेतलं आणि विचारलं, "मग मी कधी निघू?"

"असं लगेच निघता येत नाही, महाराज," आमचे विधिमंत्री पांग म्हणाले. "त्याला रीत आहे."

रीत अशी की, जुन्या राजानं 'मी गुणहीन, आपणच घ्या' असं म्हणत सिंहासन तीनदा देऊ करायचं. नव्यानं दोनदा 'छे, मी कसला लायक' म्हणून नाकारायचं आणि तिसऱ्यांदा रडत रडत घ्यायचं. रडू यावं म्हणून बाहीत ठेवायला आल्याचा तुकडा आमच्या खात्यातर्फे मिळे.

दुसरी रीत पूर्वजांची. राजाचा बाप राजाच असावा लागतो. नसला तर त्याला मेल्यावर करून घेतात. आजा, पणजा, खापरपणजा यांनाही त्याच झटक्यात. पूर्वजांच्या मंदिरात या चौघांच्या नावाच्या लाकडी पाट्या बसल्या की वंश सुरू झाला. पाट्या नसतील तर वंश नाही. मग तो नुसता तलवार घेऊन सिंहासनावर बसलेला माणूस, आणि तसा माणूस कुणीही होऊ शकतो. पश्चिमेच्या फौजेचे सेनापती निए यांची तर तशी तयारीच होती. ते रोज दरबारात येत, गेंग यांना वाकून नमस्कार करत आणि जाताना सिंहासनाची रुंदी नजरेनं मोजत.

पांगसाहेबांनी सेनापती गेंग यांना वडिलांविषयी विचारलं. सेनापतींनी मान खाली घातली.

"बदकं पाळायचे," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

पुराच्या नदीत घोडा घालणारा माणूस बापाचा विषय निघताच उठून जातो, हे मला खटकलं. पांगसाहेबांना नाही खटकलं. त्यांना रिकामी जागा दिसली, आणि रिकामी जागा दिसली की त्यांचं अक्षर सुंदर येत असे. त्यांनी वंशावळ रचली. चारशे वर्षांपूर्वी महापूर अडवणारे कोणी सरदार गेंग होऊन गेले होते, तिथून तिचा उगम. मग अधेमधे दोन कवी, एक मंत्री, एक तपस्वी, आणि शेवटी सेनापतींचे वडील: 'गेंग वेनझाओ, तीन जिल्ह्यांचे अधिपती, प्रकांड पंडित, वीणावादनात निपुण, पाणपक्ष्यांवर विशेष दया करणारे.'

"बदकं आली ना?" पांगसाहेब म्हणाले. "सत्याला मी कधी सोडत नाही, फेई."

ती वंशावळ आणि एक मोठी पालखी देऊन मला सेनापतींच्या आईला आणायला शाशी गावी पाठवलं.

गावाच्या वेशीवर एक दगडी कमान होती. पुन्हा लग्न न करता नवऱ्याच्या नावानं राहिलेल्या बाईसाठी आमच्याकडे अशी कमान उभारतात. हिच्यावर 'साध्वी विधवा, गेंग दुसरा याची पत्नी' असं कोरलेलं होतं. कमान आमच्याच खात्यानं मंजूर केलेली, दोन वंशांमागे. मी ती अक्षरं वाचली, खालून बदकं चालली होती ती पाहिली, आणि तरीही पुढे गेलो. सरकारी माणूस वाचतो पुष्कळ.

म्हातारी अंगणात बसून बदकांच्या अंड्यांना मिठाचा चिखल थापत होती. मी तिच्यापुढे लोटांगण घातलं.

"राजमातेचा विजय असो!"

म्हातारीनं मागं वळून पाहिलं. मागं कोंबडी होती.

"आपणच, आई," मी म्हणालो. "आपले चिरंजीव राजे होणार आहेत."

"कोण, चिखल्या?"

पोराला दृष्ट लागू नये म्हणून आमच्या खेड्यांतून लहानपणी असं एखादं घाणेरडं नाव ठेवतात. ज्याच्या नुसत्या नावानं उत्तरेची ठाणी रिकामी होत, त्या माणसाचं हे नाव ऐकून माझे भोई एकमेकांकडे पाहू लागले.

"कुणाला मारलं का त्यानं?"

"नाही, नाही. सगळं समजुतीनं चाललंय."

"मग होऊ दे," असं म्हणून तिनं पुढचं अंडं घेतलं.

मी वंशावळ वाचायला सुरुवात केली. ती मन लावून ऐकत होती, दुसऱ्याच्या घरची हकिकत ऐकावी तशी. महापूर आवडला तिला. तपस्व्याच्या वेळी "बिचारा" म्हणाली. वडिलांपाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला.

"हा कोण?"

"आपले यजमान."

"कुणाचे?"

"आपले. गेंग वेनझाओ."

"बाबा, माझ्या नवऱ्याचं नाव गेंग दुसरा. दोन नंबरचा मुलगा म्हणून दुसरा. त्याला दुसरं नावच नव्हतं. ह्या वीणावाल्याला मी जन्मात पाहिलेलं नाही."

"ते फक्त कागदोपत्री, आई —"

"म्हणजे कागदोपत्री मी परक्या माणसाच्या घरी नांदले?"

मी वंशावळ गुंडाळायला लागलो.

"ती वेशीवरची कमान तुमच्यातल्याच कुणी बांधली ना? मी दुसरा नवरा केला नाही म्हणून?"

"हो."

"आणि आता तुम्हीच मला दुसरा नवरा करून दिलात. न विचारता. तोही मेलेला." तिनं अंडं खाली ठेवलं. "दुसरं लग्नच करायचं असतं, तर त्या तेलघाणीवाल्याशी नसतं का केलं? चांगला मागं लागला होता. कौलारू घर होतं त्याचं."

विधी खात्यानं साध्वी ठरवलेल्या बाईचं विधी खात्यानंच लग्न लावून दिल्याचा दाखला जुन्या दप्तरात कुठेच नव्हता. मी उन्हात उभा राहून घाम पुसत होतो. म्हातारीनं हात धुतले आणि मला घरात नेलं. चुलीच्या धुरानं काळी पडलेली एक लहानशी पाटी फळीवर होती. तिच्यापुढे एक खारवलेलं अंडं आणि दारूचा पेला.

"हा माझा नवरा," ती म्हणाली. "ह्याला मंदिरात न्यायचं असेल तर ह्याच्या पोरानं स्वतः यावं. आणि आधी थडग्यावरचं गवत काढावं, स्वतःच्या हातानं. फौजेत गेला तो गेलाच. दर छिंगमिंगला अख्ख्या गावाची पोरं परत येतात, आईबापांची थडगी झाडतात, कागदाच्या पट्ट्या लावतात. माझ्या माणसाचं थडगं मी एकटी खुरपते. आता गुडघे ऐकत नाहीत माझे. वर रान माजलंय."

"आई, ते फार कामात असतात —"

"बरोबर आहे. राजे होतायत."

"आणि समजा, जमलंच नाही त्यांना यायला?"

"तर मी जिल्ह्याच्या कचेरीत जाईन आणि दारातला फिर्यादीचा नगारा बडवीन."

हे ती अगदी शांतपणे बोलली. आमच्या कायद्यात खुनाला साक्षीदार लागतात, चोरीला मुद्देमाल लागतो. आईनं पोराविरुद्ध 'हा आईबापांना विचारत नाही' अशी फिर्याद केली तर मात्र काहीच लागत नाही. आई हाच पुरावा. साधा माणूस त्यात तुरुंगात जातो. होणाऱ्या राजाच्या डोक्यावरची स्वर्गाची आज्ञा दुपारच्या जेवणाआधी उडून जाते. आणि म्हातारीचे गुडघे दुखत असले तरी तिला कचेरीपर्यंत नेण्यासाठी निए यांनी स्वतः पालखीला खांदा दिला असता.

मी रिकामी पालखी घेऊन परतलो.

सेनापती राजवाड्याच्या आवारात तंबू ठोकून राहत होते. रीत पुरी होईपर्यंत आत झोपणार नाही म्हणाले होते. मी सगळं सांगितलं. चिखल्या हे नाव तेवढं गाळलं.

"मी जातो," पांगसाहेब म्हणाले. "म्हातारी माणसं गोड बोलण्यानं वळतात."

"माझी आई?" सेनापती म्हणाले. "पांगसाहेब, मी तटबंद्या फोडल्यात. ती फुटत नाही."

"मग आपणच जाऊन या ना, सेनापती," मी म्हणालो. "जवळच तर आहे."

"मी वेशीपर्यंत पोचायच्या आत निए बसलेला असेल."

ते खरंच होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. पांगसाहेब गेल्यावर सेनापतींनी मला थांबवून घेतलं. तलवारीच्या मुठीवरचा गोंडा ते बराच वेळ पिळत होते.

"फेईसाहेब, दोन वंशांमागे राज्याभिषेकाची मोठी मेजवानी झाली होती, आठवते?"

"मेजवानी प्रत्येक वेळीच होते."

"त्या वेळी फौज आमच्या गावावरून गेली आणि बापाचा अख्खा कळप हाकत घेऊन गेली. मेजवानीला. बापानं हाय खाल्ली. त्याच हिवाळ्यात गेला. मग घरात खायला काही नव्हतं, म्हणून मी कुठे भरती झालो? त्याच फौजेत. आणि मेजवानीतलं उरलेलंसुरलेलं खारवलेलं बदक आम्हा नव्या पोरांना वाटलं, तेव्हा मीही ताट पुढे केलं." त्यांनी गोंडा सोडला. "भूक लागली होती. आता सांगा, कुठल्या तोंडानं त्याच्या थडग्यापुढे उभा राहू? दरवर्षी निघायचो. दरवर्षी कुठेतरी लढाई शोधायचो."

आमच्या खात्यात सांत्वनाचे मजकूर तयार असतात, पण त्यांतला एकही इथं बसत नव्हता.

सेनापती एकदम उठले. कंबर कसली. मोहिमेवर निघताना ते असे उठत, असं मी ऐकून होतो.

"तळ हलवतो तसं हलवू," ते म्हणाले. "सिंहासन बरोबर घ्या. शिक्का घ्या. महाराज दूंना घ्या, त्यांचा पक्षी घ्या. निएला तर आधी घ्या. छिंगमिंगला राज्याभिषेक शाशीला, बापाच्या थडग्यापाशी."

पांगसाहेबांना परत बोलावून हे सांगितलं तेव्हा त्यांनी खांब धरला.

"सिंहासन उचलायचं? अहो, सिंहासनाचं तोंड सदैव दक्षिणेला असतं! शाशीचा रस्ता नागमोडी आहे!"

"मग वळणावर फिरवा," सेनापती म्हणाले.

आणि फिरवलं. त्या प्रवासाचं वर्णन सरकारी इतिहासात 'राजवंशाचे तेजस्वी प्रस्थान' असं आहे. प्रत्येक वळणावर पांगसाहेब होकायंत्र घेऊन ओरडत आणि हमाल शिव्या घालत सिंहासन फिरवत. शाशी उत्तरेला, म्हणून एकंदरीत ते उलटंच चाललं. गावात शिरलं तेही पाठीकडून, त्यामुळे लोकांना वाटलं की परत घेऊन चाललेत. महाराज दू पिंजरा घेऊन आनंदात चालले होते. पक्ष्याला मोकळी हवा मानवली, असं भेटेल त्याला सांगत होते. आपली फौज घेऊन निघालेल्या निए यांनी वाटभर सिंहासनाच्या दांडीवरचा हात काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "डळमळतंय, म्हणून धरलंय."

छिंगमिंगच्या आदल्या दिवशी आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. दरबारातल्या मोठमोठ्या लोकांनी शाशीच्या अंगणांत बसून गार भात आणि खारवलेली अंडी खाल्ली, आणि सकाळी टेकडी चढताना त्यांच्यात बोलायची फारशी इच्छा उरली नव्हती.

टेकडीवर इतर थडगी झाडून झालेली. त्यांच्यावर कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या फडफडत होत्या. एकच जागा अशी होती, जिथं थडगं आहे हे सांगावं लागलं असतं. हरळी, लव्हाळा, काटेरी झुडपं, सगळं कमरेइतकं. शेजारी जेमतेम सपाट असा एक तुकडा होता. तोही गवतानं भरलेला, पण दुसरी जागाच नव्हती, म्हणून सिंहासन तिथंच टेकवलं. दक्षिणेकडे तोंड करून.

म्हातारी खुरपं घेऊन उभी होती. सेनापतींनी तिच्यापुढे गुडघे टेकले.

"आई."

"आलास?" तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोट सुटलंय तुझं, चिखल्या."

सगळी फौज आकाशाकडे पाहू लागली.

तिनं खुरपं त्यांच्या हातात दिलं. "मुळापासून काढ. लहानपणी करायचास तसं नुसतं वरवर ओढू नको."

सेनापतींनी चिलखत उतरवलं, बाह्या वर केल्या आणि सुरुवात केली. काम दिसत होतं त्याहून मोठं होतं. ऊन वर येऊ लागलं. ज्योतिष्यांनी काढलेला मुहूर्त माध्यान्हीच्या आतला, त्यामुळे पांगसाहेबांचा धीर सुटला आणि त्यांनी महाराज दूंना पुढे ढकललं.

"मी गुणहीन आहे," महाराज दू पिंजरा सांभाळत म्हणाले. "हे सिंहासन आपण घ्यावं."

"मी लायक नाही," सेनापती मान वर न करता म्हणाले.

"हे खरं बोलला," म्हातारी म्हणाली.

पांगसाहेबांनी घाईघाईनं स्तुती वाचायला घेतली. "हे नरश्रेष्ठा, आपला वंश या भूमीवर हरळीसारखा पसरो, त्याची मुळं कुणालाही न उपटता येवोत —" त्याच वेळी सेनापतींच्या हाताला हरळीची एक मुळी लागली होती, आणि ती येतच होती, येतच होती.

"तीच," म्हातारी म्हणाली. "तीच आधी उपट. सगळी खोड तिचीच आहे."

पांगसाहेबांनी स्तुती आवरती घेतली. महाराज दूंनी दुसऱ्यांदा सिंहासन देऊ केलं. सेनापती घामानं निथळत होते. "मी लायक नाही," ते म्हणाले.

आता म्हातारीला आमची रीत कुठून ठाऊक असणार? ती पुढे झाली.

"अहो, पोरगा दोनदा नको म्हणाला ना? मग कशाला मागं लागलाय त्याच्या?"

महाराज दूंचा पक्षी गायचा थांबला.

"राजमाता बरोबर बोलताहेत," निए मऊ आवाजात म्हणाले. सिंहासनाची दांडी त्यांच्या हातात होतीच. "आईचा शब्द म्हणजे स्वर्गाचा शब्द. सेनापतींना नको असेल तर बळजबरी करणं पाप आहे. पण राज्य काही असं उघड्यावर टाकता येत नाही. तेव्हा नाइलाजानं —" आणि त्यांनी एक पाय सिंहासनाच्या पायरीवर ठेवला.

दोन्ही फौजांचे हात तलवारींवर गेले. सेनापती गुडघ्यांवर होते तसेच राहिले. मुठीत हरळीची मुळी, समोर बापाचं थडगं, शेजारी आई. चिलखत तिकडे झुडपावर वाळत पडलेलं. तिथं तलवार उपसली असती तर राज्य मिळालं असतं आणि उरलेलं सगळं गेलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मुळी सोडली नाही आणि तलवारीकडे पाहिलं नाही.

म्हातारीनं निएंकडे वळून पाहिलं.

"तू कोण रे?"

"सेनापती निए, आई."

"वडील आहेत?"

"निवर्तले."

"मग आज छिंगमिंगच्या दिवशी तू इथं काय करतोयस?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न ऐकून दरबारातल्या एकूण एक माणसानं नजर जमिनीकडे वळवली. आम्हा सगळ्यांचेच बाप कुठे ना कुठे गवताखाली होते.

"कुठे आहे त्यांचं थडगं?"

"पश्चिमेला. एका टेकडीवर." निएंचा आवाज खाली आला. "बहुतेक."

"बहुतेक!" म्हातारी म्हणाली. मागं उभ्या असलेल्या गावच्या बायका तोंडाला हात लावून खुदखुदल्या. निएंच्या स्वतःच्या फौजेतलं कुणीतरी हसलं. "ये इकडे. त्या बाजूचा लव्हाळा तुझा. शेजारणीचं खुरपं घे."

सेनापती निए यांनी आयुष्यात पुष्कळ लढाया जिंकल्या होत्या. पण छिंगमिंगच्या दिवशी, अख्ख्या गावादेखत, म्हातारीनं घ्यायला सांगितलेलं खुरपं नाकारायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पाय पायरीवरून खाली आला. ते लव्हाळ्यात जाऊन बसले.

मग ती मुलाकडे वळली.

"आणि तू. खरं सांग. हे हवंय का तुला?"

पांगसाहेब मागून आल्याचा तुकडा नाचवत कुजबुजले, "रडा! आता रडायचं असतं!"

सेनापतींनी मुळी खाली ठेवली.

"हवंय," ते म्हणाले.

आमच्या खात्याच्या इतिहासात कुणी असं उत्तर दिलेलं नव्हतं. सगळ्यांनाच सिंहासन हवं असतं, पण ते बोलायचं नसतं.

"कशाला?"

"यापुढे मेजवानीसाठी कुणी कुणाचा कळप हाकून नेला, तर नेणाऱ्याचा हात तोडायला. सेनापती होऊन पाहिलं, आई. त्याला ते जमत नाही. वर कुणीतरी मेजवानी मागतच असतो." त्यांनी थडग्याकडे पाहिलं. "आणि इतकी वर्षं आलो नाही, कारण तोंड नव्हतं. त्या मेजवानीतलं मीपण —"

"ठाऊक आहे मला. तेलघाणीवाल्याचा पोरगा तुझ्याबरोबर होता, त्यानं तेव्हाच सांगितलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? तू आलास कुठे?" तिनं त्यांच्या दंडावरची माती पुसली. "तोंड नव्हतं म्हणे. तोंड मागितलं कुणी? गवत हातानं काढायचं होतं."

मग सेनापती रडले. आल्याचा तुकडा पांगसाहेबांच्याच हातात राहिला.

"तिसऱ्यांदा! महाराज, तिसऱ्यांदा!" पांगसाहेब ओरडले. महाराज दूंनी धावत येऊन वाक्य म्हटलं, आणि गेंग शौयी यांनी अश्रूंनी भरलेल्या डोळ्यांनी राज्य स्वीकारलं. इतिहासातली ही ओळ मी एका अक्षराचाही फरक न करता लिहिली आहे.

म्हातारीनं अंगरख्यातून ती काळी पाटी काढून मुलाच्या हातात ठेवली. पांगसाहेब वाकून माझ्या कानाशी आले. "बाकी तिघांचं मी पाहतो, पण राजाच्या बापाचं नाव 'दुसरा'? मग पहिला कोण, असं लोक विचारतील."

म्हातारीचे कान गुडघ्यांपेक्षा चांगले होते. "पहिला त्याचा थोरला भाऊ. जुगारी होता. त्याला नका घेऊ."

"नाव असू द्या, राजमाता," पांगसाहेब म्हणाले. "पण पदवी तरी? आम्ही 'गंभीर, दूरदर्शी महाराज' अशी योजली आहे."

"दूरदर्शी? पायाजवळचं बदक दिसत नव्हतं त्याला."

"मग 'गंभीर' तेवढं ठेवू?"

तिनं विचार केला. "ठेवा. मेल्यापासून आहे."

थडगं आता मोकळं झालं होतं. राजांनी त्याच्यावर दारू ओतली, कागदाच्या पट्ट्या लावल्या, तीनदा कपाळ टेकवलं. मग कोपरापर्यंत चिखलानं माखलेले हात तसेच घेऊन ते सिंहासनावर जाऊन बसले, दक्षिणेकडे तोंड करून. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले. निएंनीही टेकले, ते लव्हाळ्यात होतेच. दोन्ही फौजा एका आवाजात गर्जल्या, "दहा हजार वर्षं! दहा हजार वर्षं!" खाली भातखाचरांतून बदकांचा थवाच्या थवा उडाला.

मी कुंचला शाईत बुडवून तयार झालो. नव्या राजाचं पहिलं वाक्य म्हणजे पहिलं फर्मान. ते दगडावर कोरायचं असतं. राजांनी दीर्घ श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

एवढ्यात म्हातारी निएंच्या हातातलं खुरपं काढून घेऊन सिंहासनासमोर आली. गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू वाकली आणि तिनं खाली डोकावून पाहिलं.

"चिखल्या," ती म्हणाली, "जरा ऊठ बघू. तुझ्या आसनाखालचं राहिलंय."